घरातली विहीर

बसा.

पाठ टेकवावीशी वाटली तर टेकवा. हात मांडीवर मोकळे सोडा. पायाखालची जमीन जाणवते का, तेवढं पाहा.

समोर वेदी नाही. मूर्ती नाही, क्रूस नाही. साधी लाकडी बाकं आहेत. खिडक्या आहेत, आणि त्यांतून आत आलेला ऑक्टोबरचा उजेड आहे.

कोणी बोलत नाही.

थोडा वेळ असंच राहू या.

हे गाव रिचमंड. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची पूर्वेची कड. ओहायोची हद्द इथून चार-पाच मैलांवर. हे अर्लहॅम कॉलेज. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८४७ मध्ये इथे मुलामुलींची निवासी शाळा उघडली. १८५९ मध्ये तिचं कॉलेज झालं. आजही इथे शिकणारे हजाराच्या आत आहेत. एकमेकांचे चेहरे ओळखता येतील इतकेच.

तुम्ही यवतमाळहून आला आहात. किंवा लातूरहून, किंवा चिपळूणहून. इतिहास शिकायला आला आहात.

व्हिसाचे कागद, फीचा आकडा, विमानतळावर आईने शेवटी काय सांगितलं, हे सगळं तुमच्या शेजारी याच बाकावर येऊन बसलं आहे.

बसू द्या. त्याला उठवू नका.

श्वास आत येतो आहे. येऊ द्या. बाहेर जातो आहे. जाऊ द्या.

क्वेकरांच्या या उपासनेत पुरोहित नसतो. सगळे शांत बसतात. कोणाच्या आतून काही वर आलं, तर ते माणूस उठतं, चार शब्द बोलतं आणि बसतं. पुन्हा शांतता. कधी कोणीच उठत नाही आणि तास सरतो. त्या तासात काही राहून गेलं, असं कोणाला वाटत नाही.

कॉलेजच्या कामकाजातही ही सवय उतरली आहे. सभेच्या आधी सगळे जरा वेळ गप्प बसतात. हात वर करून मतं मोजत नाहीत. एकमत होईपर्यंत बोलायचं, ऐकायचं, थांबायचं. वेळ फार लागतो. लागू देतात.

मग वर्ग.

वर्गात प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. सर नाही, मॅडम नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी बड्या लोकांपुढे टोपी काढायचं नाकारलं, पदव्या उच्चारायचं नाकारलं, आणि त्यापायी तुरुंग पाहिला. ही हाक तिथून चालत इथवर आली आहे.

तुमची जीभ अडते. आईपेक्षा मोठ्या बाईंना नुसत्या नावाने कसं बोलवायचं?

घाई करू नका. जीभ अडते तिथेच थोडं थांबा. त्या अडखळण्यात तुमचं घर आहे, थोरल्यांपुढे वाकलेली मान आहे. त्यांच्या हाकेत त्यांचा तुरुंग आहे. दोन्ही शेजारी ठेवा. आज एवढंच.

आता उठू या. आपल्याला एका घरी जायचं आहे.

रस्ता उत्तरेला जातो. दोन्हीकडे वाळलेला मका उभा आहे. वारा आला की पानं खसखसतात. मधेच सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं लागतात, आणि त्यांतली धसकटं तुम्हाला दुरूनही ओळखता येतात. लातूरची रानं या दिवसांत अशीच दिसतात. इतक्या लांब येऊन पहिली ओळखीची गोष्ट भेटली ती ही.

पाहून घ्या. मग पुढे.

दहाएक मैलांवर फाउंटन सिटी. गाव लहान आहे. एकेकाळी त्याला न्यूपोर्ट म्हणत. रस्त्यालगत लाल विटांचं एक घर आहे, १८३९ मध्ये बांधलेलं. लीवाय आणि कॅथरिन कॉफिन या क्वेकर जोडप्याचं.

आत या.

तळघरात उतरा. पायऱ्या सावकाश.

इथे विहीर आहे.

घराच्या पोटात विहीर. तिच्याजवळ उभे राहा.

डोळे अंधाराला सरावू द्या. गारवा आधी पायांना लागतो, मग हातांना. ओल्या मातीचा वास येतो. वरचा रस्ता ऐकू येईनासा होतो.

अंगण मोकळं असताना कोणी घरात विहीर का ठेवील?

उत्तराकडे धावू नका. पाण्याकडे पाहा.

पाहा.

बाहेरून पाणी भरलं, तर शेजाऱ्यांना दिसतं किती बादल्या आत गेल्या. नवरा-बायको आणि लेकरं, एवढ्यांना पाणी किती लागतं हे गावाला ठाऊक असतं. एखाद्या सकाळी पंधरा माणसांचं पाणी आत गेलं, तर कोणीतरी विचारणार: घरात कोण आलंय?

म्हणून पाणी घरातच.

येणारी माणसं दक्षिणेकडून येत. ओहायो नदी ओलांडून, रात्रीची, बरीचशी पायी. गुलामगिरीतून पळालेली. इंडियानात गुलाम ठेवायला बंदी होती, पण १७९३ च्या संघराज्याच्या कायद्याने पळालेल्याला इथूनही धरून मालकाकडे नेता येत होतं, आणि लपवणाऱ्याला जबर दंड होता.

वर माडीवर, छताच्या उताराखाली, एक अरुंद पोकळी आहे. तिचं दार इतकं लहान, की पुढे पलंग सरकवला की दिसत नाही.

कॉफिन पती-पत्नी नॉर्थ कॅरोलायनाहून १८२६ मध्ये या गावात आले आणि १८४७ मध्ये सिनसिनाटीला गेले. न्यूपोर्टमधल्या त्या वर्षांत दरसाल सरासरी शंभरावर माणसं आपल्याकडे आली, असं लीवाय यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं. ते पुस्तक १८७६ चं.

शंभर. आकडा मोठा असला की मन त्याच्यावरून घसरून जातं.

एक माणूस घ्या.

एक बाई. पाय सुजलेले. हातात भांडं. ती या विहिरीचं पाणी पिते आहे.

घोट ऐका.

आणखी एक.

तिने तोंड पुसलं. भांडं खाली ठेवलं. तिने काय म्हटलं, आपल्याला ऐकू येत नाही.

तिचं नाव आपल्याकडे नाही.

इथे थांबा. घाई असली तरी इथे थांबा.

मनाला लगेच तिला नाव द्यावंसं वाटतं. गाव द्यावं, मूल द्यावं, एक गोष्ट रचावी. नको. आपण दिलेलं नाव तिचं असणार नाही. ती जागा मोकळी ठेवू, आणि मोकळी आहे हे विसरणार नाही. इतिहास शिकायला आलेल्याने सगळ्यांत आधी हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं. हे शिकायला पुस्तक पुरत नाही. अशा विहिरीपाशी उभं राहावं लागतं.

अजून एक गोष्ट. कॉफिन स्वतःच सांगतात, की ते या कामात पडण्याआधीही पळून आलेली माणसं न्यूपोर्टला येत, आणि उतरत ती गावातल्या मुक्त काळ्या कुटुंबांकडे. ती घरं आधीची. त्यांच्याकडे तळघर नसेल, लपवायला पोकळी नसेल. धरपकड झाली तर त्यांना गमवायचं होतं ते कॉफिनांहून फार जास्त.

घर उभं आहे ते एक. तेच आपण पाहतो आहोत.

आज उभ्या नसलेल्या घरांसाठी एक श्वास घ्या.

सावकाश.

परत कॉलेजात येऊ या. लिली लायब्ररीत.

इथे क्वेकरांचं दफ्तर आहे. मीटिंगांची, म्हणजे त्यांच्या मंडळ्यांची इतिवृत्तं, वह्याच्या वह्या. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॉलेजातच काम करता येतं. पुष्कळांच्या वाट्याला ते ग्रंथालयात येतं, आणि तुमच्याही आलं आहे असं समजा.

वही उघडा. पान उचलण्याआधी हात कोरडे आहेत ना, पाहा.

शाई तपकिरी झाली आहे. अक्षर तिरकं, एका ओळीत झुललेलं. मोडी वाचायला शिकलेल्याला हे माहीत असतं: आधी काही कळत नाही, मग एक अक्षर ओळख देतं, मग दुसरं. जोर लावून चालत नाही. बघत बसावं लागतं.

तारखेकडे पाहा. महिन्यांना नावं नाहीत. पहिला महिना, दुसरा महिना, तिसरा. जुन्या रोमन देवांची नावं घ्यायची नाहीत म्हणून. रविवार म्हणजे पहिला दिवस. बायकांची सभा वेगळी भरे आणि तिची वही वेगळी असे, त्यांच्या हातची.

लग्नं आहेत. एका मीटिंगमधून दुसरीकडे गेलेल्या कुटुंबांचे दाखले आहेत. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्यांची नावं आहेत. हेही याच शांत हातांनी लिहिलेलं आहे.

आता १८४२ पर्यंत या.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंटकीचे पुढारी हेन्री क्ले रिचमंडला आले. राष्ट्राध्यक्षपदाची आस धरून होते. त्यांच्या पदरी गुलाम होते. हायरम मेंडेनहॉल नावाच्या क्वेकराने भर सभेत त्यांना अर्ज दिला: तुमचे गुलाम मोकळे करा. क्ले यांनी त्याला घरी जाऊन आपलं काम बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्वेकरांच्या मोठ्या मीटिंगमध्ये क्ले सन्मानाने येऊन बसले.

आणि त्याच मीटिंगने, गुलामगिरीविरुद्ध उघडपणे काम करणाऱ्या आपल्याच माणसांना समित्यांवरून दूर केलं. १८४३ मध्ये ती माणसं वेगळी झाली. त्यांनी आपली निराळी मीटिंग केली. कॉफिन त्यांच्यात होते.

गुलामगिरी वाईट, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. एका बाजूला शांतता बिघडायला नको होती.

वही मिटू नका. कान द्या.

या पानातली शांतता ऐका. मग तळघरातल्या विहिरीची शांतता आठवा. दोन्ही गप्प आहेत. दोन्ही एकाच पंथाच्या आहेत.

फरक कुठे लागतो? कानात की छातीत?

श्वास.

मला इथे एका मुलीला बोलवायचं आहे. तिच्याजवळ जरा जास्त बसू या. तिचा हक्क आहे.

१८९५. अर्लहॅममध्ये एक विद्यार्थिनी येते. वहीत नाव गरट्रूड सिमन्स. पुढे जग तिला झित्काला-शा म्हणून ओळखणार आहे. यँक्टन डकोटा जमातीची. जन्म १८७६ चा, साउथ डकोटातला.

आठेक वर्षांची असताना क्वेकर मिशनरी तिच्या वस्तीवर आले होते. पूर्वेला लाल सफरचंदं आहेत, असं तिला सांगितलं गेलं. आईचं मन नव्हतं. मुलगी आगगाडीत बसली आणि इंडियानातल्या वॉबॅश इथल्या क्वेकरांच्या शाळेत आली.

पहिल्याच दिवशी कळलं, केस कापणार. तिच्या लोकांत केस कापतात ते सुतकात, किंवा भित्र्याचे. ती वरच्या मजल्यावर पळाली. एका अंधाऱ्या खोलीत, दारापासून सगळ्यांत लांबच्या पलंगाखाली जाऊन लपली.

त्यांनी तिला शोधून काढलं. खुर्चीला बांधलं. कापले.

एक पलंग कॉफिनांच्या माडीवर आहे. एक पलंग इथे आहे.

दोन्ही पाहा. एकाकडे पाहताना दुसरा नजरेआड होऊ देऊ नका. हे कठीण आहे. मन एकाला धरतं आणि दुसऱ्याला सोडतं. सोडलं तर रागावू नका, पुन्हा आणा.

पुन्हा.

ती मोठी झाली. आईच्या मनाविरुद्ध या कॉलेजात आली. अनोळखी चेहऱ्यांत ती खोलीत बसून राही, असं तिने लिहिलं आहे. मग वक्तृत्वाच्या स्पर्धेत उतरली. कॉलेजात जिंकली, सोबत्यांनी कौतुक केलं. १८९६ मध्ये इंडियानापोलिसला राज्याच्या स्पर्धेत गेली. समोरच्या गर्दीतून दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलांनी तिच्या जमातीची आणि ती बाई असण्याची टर उडवणारं निशाण वर धरलं. ती बोलली. दुसरं बक्षीस तिला मिळालं.

त्या रात्री आनंद झाला नाही. तिला आई आठवत होती.

पदवी न घेता ती इथून गेली. प्रकृती साथ देत नव्हती. १९०० मध्ये तिने शाळेच्या दिवसांवर लिहिलं, म्हणून पलंगाखालचा तो अंधार आपल्याला ठाऊक आहे. १९२६ मध्ये तिने आणि तिच्या नवऱ्याने नॅशनल कौन्सिल ऑफ अमेरिकन इंडियन्स ही संस्था उभी केली.

तिच्या काळात मूळनिवासींना जन्माने नागरिकत्व मिळत नव्हतं. तो कायदा १९२४ चा. म्हणजे स्वतःच्या भूमीवर, हजारो वर्षांच्या आपल्या नद्यांच्या देशात, ती या कॉलेजात परकी होती.

तुमच्या खिशात परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र आहे. ते हातात घ्या. कडा जाणवू द्या.

तुमच्याआधी इथे कोण परकं होतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

ही जमीनसुद्धा अशीच. १७९५ च्या ग्रीनव्हिल करारात मायामी, शॉनी, डेलावेअर आणि इतर जमातींच्या हातून मोठा मुलूख गेला, आणि त्यानंतर या भागात वसाहती वाढल्या. नॉर्थ कॅरोलायनाचे क्वेकर १८०६ पासून इथे उतरले. गुलामगिरीच्या राज्यात राहायचं नाही म्हणून आले. ज्या जमिनीवर आले, ती रिकामी झालेली होती. रिकामी केलेली होती.

पाय टेकवा. जमीन जाणवते का, पाहा.

गावातून व्हाइटवॉटर नदी खोल घळीतून वाहते. तिच्या काठी गेनेट नावाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी होती. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडमध्ये बसून तरुण लुई आर्मस्ट्राँगने आपलं पहिलं ध्वनिमुद्रण इथे केलं. जवळून आगगाडी जाई. ती गेली की मगच वाजवायला सुरुवात. त्याच दशकात त्याच कारखान्यातून कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या तबकड्याही निघाल्या. इंडियानात क्लॅनच्या बायकांची पुढारी होती डेझी डग्लस बार. ती क्वेकर उपदेशिका होती.

इथे मी अधिक काही म्हणणार नाही. गाडी जाऊ द्या.

गेली?

आता पुन्हा कॉफिनांकडे.

कॉफिनांचं न्यूपोर्टला दुकान होतं. गुलामांच्या हातून न आलेला माल विकायचा, असा त्यांचा पुढे आग्रह झाला. सिनसिनाटीला ते गेले तेही असा माल विकण्याच्या कामासाठीच. त्यातली अवघड वस्तू म्हणजे कापूस. कापूस कोणी वेचला, हे कापडाकडे पाहून कळत नाही.

तुमच्या अंगातला सदरा चिमटीत धरा. विणीवरून बोट फिरवा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेचा कापूस अडकला. मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे, खानदेशाकडे पाहू लागल्या. भाव चढले. मुंबईत पैसा आला, शेअरचं वेड आलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात उरलं कर्ज. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. कारणं आणखीही होती, सारावाढ होती. पण हा धागाही त्यात आहे.

यवतमाळच्या मुलाने इंडियानात येऊन अमेरिकेचा इतिहास का शिकायचा, असं कोणी विचारतं. बोट विणीवर आहे ना? राहू द्या.

आणि पुण्याकडे पाहा. गंज पेठ. जोतीराव फुल्यांचं घर.

तिथेही पाणी आहे. हौद.

१८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी मोकळा केला. दिवसाढवळ्या. पाणी घ्यायला कोण येतं, किती येतात, हे सगळ्या पेठेला दिसत होतं. दिसावं म्हणूनच होतं.

१८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. जोतीराव इकडे कधी आले नव्हते. इंडियानातल्या त्या तळघरातल्या विहिरीबद्दल त्यांना काही कळलं असेल, असं मला वाटत नाही.

तरी दोन्ही पाणी तुमच्यासमोर आहेत.

एक झाकलेलं. एक उघडलेलं.

विहिरीशी उभी आहे ती बाई, जिचं नाव आपल्याकडे नाही. हौदाशी कोण उभी आहे? घागर घेऊन पहिल्या दिवशी कोण आली? काठाला हात लावण्याआधी ती थांबली का? मागे वळून पाहिलं का?

तिचंही नाव आपल्याकडे नाही.

दोघींच्या मधे समुद्र आहे. दोघींसाठी एकच श्वास पुरतो.

घ्या.

सोडा.

फोन वाजतो.

तिकडे सकाळ झाली आहे, इकडे रात्र; साडेनऊ तासांचं अंतर. आई विचारते, जेवलास का. मग काका फोन घेतात. ते विचारतात, हिस्ट्री करून पुढे काय?

काकांवर चिडू नका. प्रश्न प्रेमातून आला आहे, आणि तो खराही आहे. इतिहासाच्या पदवीनंतर इथे काम करायला बारा महिने मिळतात. संगणकाच्या पदवीला त्यावर चोवीस जोडून मिळतात. कर्जाचा हप्ता त्याची वाट पाहत नसतो. माझ्याकडे या प्रश्नाचं सोयीचं उत्तर नाही, आणि जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न छातीत जिथे लागला तिथे त्याला बसू द्या. आज रात्री तो सुटणार नाही. तुम्ही एकटेही नाही आहात; आईच्या मनाविरुद्ध या कॉलेजात आलेली ती मुलगी याच थंडीत खोलीत बसलेली होती.

मग काकांना म्हणा, आजीला फोन द्या.

आजी फोन कानाला नीट लावत नाही. तिचा श्वास आधी ऐकू येतो. तो ऐका.

तिला विचारा: आजी, तू लहान होतीस तेव्हा गावात पाणी कुठून आणायचे?

ती सांगू लागेल. विहीर, रहाट, उन्हाळ्यातला आड, पहाटेची रांग. मधे बोलू नका. ती थांबली तरी बोलू नका. थांबलेल्या जागेपलीकडे बहुधा अजून काही असतं.

मग हळूच विचारा: तिथे कोण भरू शकत नव्हतं?

आता जे ऐकू येईल ते येऊ द्या. ती कदाचित गप्प होईल. कदाचित म्हणेल, तेव्हा तसंच होतं. कदाचित एखादं नाव सांगेल, गावकुसाबाहेरच्या एखाद्या बाईचं, जी दुपारभर विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी वरून ओतील म्हणून. किंवा सांगेल, की लांब उभी राहणारी ती स्वतःच होती, तिची आई होती.

तुमचं घर कुठल्या बाजूला होतं, हे तुम्हाला त्या रात्री कळेल. कळलं की लगेच समजावणी करू नका, आजीची नाही, स्वतःचीही नाही. नुसतं ऐकून घ्या.

फुल्यांच्या हौदानंतर एकोणसाठ वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसांना चालत जावं लागलं. नगरपालिकेने ते तळं कागदावर आधीच खुलं केलेलं होतं. कागदावर.

म्हणून कागद जपायचा, आणि कागदापलीकडे विचारायचं. पुण्याच्या दफ्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्यालाही हेच करावं लागतं, आणि इंडियानातल्या वह्यांसमोर बसणाऱ्यालाही.

तुम्ही हे वाचता आहात ते कदाचित अमरावतीत, कदाचित न्यू जर्सीत, कदाचित मडगावात. अर्लहॅमला तुम्ही कधी जाणार नाही, तरी चालेल.

तुमच्या घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, लांब असतील तर फोन करा. पाणी कुठून यायचं, कोण भरायचं, कोणाला भरू देत नव्हते, एवढंच विचारा. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव लिहा, गावाचं नाव लिहा, आणि वर तारीख घाला.